रोजचा एक उतारा

लातुरात विसाव्याविषयी बोलायचे तर आधी थकव्याविषयी बोलावे लागते. ‘लातूर पॅटर्न’ या नावाने महाराष्ट्राला माहीत असलेली शिक्षणपद्धती जादा तासांवर, सराव परीक्षांच्या न संपणाऱ्या मालिकेवर आणि प्रत्येक परीक्षेनंतर लागणाऱ्या गुणानुक्रमावर उभी आहे. नांदेड, परभणी, बीड, धाराशिवकडची मुले नीट आणि जेईईसाठी इथल्या वसतिगृहांत येऊन राहतात. शहराबाहेर सोयाबीन आणि तुरीच्या भावावर वर्षाचा हिशेब बांधणारा कोरडवाहू शेतकरी आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, ते अजून कोणी विसरलेले नाही. अशा या भागात संख्येने फार लहान असलेल्या ख्रिस्ती समाजात रोज पवित्र शास्त्रातला एक उतारा वाचायचा, त्यावर मनन करायचे आणि मग कामाला लागायचे, अशी चाल आहे. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवले. ख्रिस्ती उपासना मराठवाड्याला तेव्हापासून ओळखीची आहे.

माझे म्हणणे असे, की या मननातून मिळणारा विसावा खरा असतो, आणि तो खरा असण्याचे कारण त्याच्या जागेत आहे. तो दिवसभराच्या कष्टाचे बक्षीस म्हणून शेवटी येत नाही. काही कमावण्याआधीच तो हातात ठेवला जातो. हे सहज पटण्यासारखे नाही. म्हणून विरोधी बाजूला पूर्ण ताकदीने बोलू द्यायला हवे. पुढे बोलणारे दोघे कल्पित आहेत. एक शेतकरी चळवळीत वाढलेला, देवधर्मापासून लांब राहिलेला कार्यकर्ता. दुसरी रोज शास्त्र वाचणारी ख्रिस्ती शिक्षिका. शिक्षिकेची बाजू माझी आहे, हे आधीच सांगून टाकतो.

कार्यकर्ता: ताई, राग मानू नका, पण मला या मननाची भीतीच वाटते. ज्या जिल्ह्यात कर्जापायी माणूस गळफास घेतो, तिथे सकाळी उठून मन शांत करण्याचा उपाय सांगणे म्हणजे दुखणे तसेच ठेवून झोपेची गोळी देणे. अशांत माणूस मोर्च्याला येतो, तहसीलदाराला जाब विचारतो. शांत केलेला माणूस घरी बसतो. तुमचे शास्त्र वाचून कोणाला बरे वाटत असेल तर ते मी नाकारत नाही. पण बरे वाटणे आणि बरे होणे यांत अंतर आहे. हे अंतर झाकून ठेवण्याचे काम धर्माने फार वर्षे केले आहे.

शिक्षिका: दादा, तुमची भीती खोटी नाही. धर्माचा असा वापर झाला आहे आणि आजही होतो. पण मी ज्या पानांवर मनन करते, ती पाने तुमच्या बाजूने किती बोलतात ते बघा. शब्बाथाची, म्हणजे सातव्या दिवसाच्या विसाव्याची, आज्ञा शास्त्रात दोन ठिकाणी येते, निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या आणि अनुवाद या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात. अनुवादात तिचे कारण सांगितले आहे ते मिसर देशातल्या गुलामीची आठवण. तुम्हीही एके काळी गुलाम होता, म्हणून तुमच्या दासाला, दासीला, परक्या माणसाला, बैलाला आणि गाढवालाही विसावा मिळालाच पाहिजे, असा तिचा आशय. म्हणजे विसावा हा तिथे मालकाच्या मनाची अवस्था नाही, मजुराचा हक्क आहे. संदेष्टा यशया अठ्ठावन्नाव्या अध्यायात उपास करणाऱ्यांना याच कारणासाठी झोडपतो. उपास चालू आहे आणि त्याच दिवशी कामकऱ्यांची पिळवणूकही चालू आहे, असा त्याचा आरोप आहे. हे रोज वाचणाऱ्याला घरी गप्प बसणे सोपे जाईल, असे तुम्हाला खरेच वाटते?

कार्यकर्ता: पुस्तकात काय आहे हा एक भाग झाला. वाचणारे काय करतात, हा दुसरा.

शिक्षिका: मग वाचणारे बघू. पंडिता रमाबाईंपासून सुरुवात करू, कारण उपासमार त्यांनी पुस्तकात वाचलेली नव्हती. त्यांचे आईवडील १८७४ मध्ये दुष्काळात हाल होऊन गेले. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या. पुराणे सांगत गावोगाव फिरणाऱ्या घरात त्या वाढल्या. ग्रंथ मोठ्याने वाचायचा, पाठ करायचा, घोळवायचा ही सवय त्यांना ख्रिस्ती होण्याच्या कितीतरी आधीची होती. पुढे बायबल हातात आले तेव्हा त्यांनी त्याच सवयीने ते वाचले, आणि इंग्लंडमध्ये आपल्या ख्रिस्ती शिक्षिकांशी सिद्धांतांवरून खडाखडी केली. मुकाट्याने मान्य करणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन निराधार मुलींना घेऊन आल्या, १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणल्या. केडगावच्या मुक्ती सदनात शेकडो स्त्रियांचे जेवण, शिक्षण, विणकाम, छापखाना असा सगळा व्याप त्यांनी सांभाळला. आणि त्याच व्यापात वर्षानुवर्षे मूळ हिब्रू आणि ग्रीकमधून बायबलचे मराठी भाषांतर केले, साध्या बायकांना समजावे म्हणून. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या आणि १९२४ मध्ये ते बायबल प्रसिद्ध झाले. रोजच्या मननाने माणूस निष्क्रिय होतो या म्हणण्याला यापेक्षा मोठे उत्तर मला देता येणार नाही.

इथे मला मध्येच एक भर घालायची आहे. एका थोर व्यक्तीचे उदाहरण म्हणजे नियम नव्हे, असे कोणी म्हणेल. म्हणून अगदी वेगळ्या देशातला दुसरा दाखला घेतो. डीट्रिश बोनहोफर या जर्मन पाळकाने १९३५ ते १९३७ या काळात, हिटलरच्या राजवटीला विरोध करणाऱ्या मंडळीसाठी, फिंकेनवाल्ड इथे धर्मशिक्षणाचे विद्यालय चालवले. तिथे रोज अर्धा तास मनन असे. उतारा छोटा, आणि आठवडाभर तोच. शिकणाऱ्यांची कुरकूर झाली. त्या काळातले मोठे धर्मचिंतक कार्ल बार्थ यांनाही या प्रकाराला मठाचा वास येतो आहे असे वाटले, आणि त्यांनी तसे बोनहोफरना कळवले. म्हणजे आपल्या कार्यकर्त्याची शंका चर्चच्या आतूनही आली होती. पुढे काय झाले? विद्यालय गेस्टापोने बंद केले. १९३९ मध्ये बोनहोफर अमेरिकेत सुरक्षित होते. तिथून परत जायचे त्यांनी ठरवले, आणि त्याच दिवसांत रोजच्या वाचनात प्रेषित पौलाने तीमथ्याला हिवाळ्याआधी ये म्हणून केलेली विनंती आली. ती विनंती दिवसभर मनातून गेली नाही, असे त्यांनी रोजनिशीत नोंदवले. ते जर्मनीत परतले, १९४३ मध्ये पकडले गेले आणि ९ एप्रिल १९४५ रोजी त्यांना फाशी दिली गेली. न्यूयॉर्कमध्ये बसून विसावा घेता आला असता, पण रोजच्या वाचनाने त्यांना धोक्याच्या दिशेने जाण्याचे बळ दिले. हे खरे असेल, तर या विसाव्याचा आरामाशी फारसा संबंध नसावा.

कार्यकर्ता: ठीक आहे, पळवाट हा आरोप मी थोडा मागे घेतो. पण दुसरा प्रश्न उरतोच. शांती हवी तर शास्त्रच कशाला? विपश्यना आहे, प्राणायाम आहे. श्वास लांबवला की मन निवते, हे कोणीही करून बघावे. त्याला एलीया आणि यशया हे संदेष्टे लागत नाहीत. शिवाय आपल्याकडे काय कमी आहे? वारकऱ्याच्या घरात संध्याकाळी हरिपाठ होतो. आमच्या लातूर-नांदेडकडच्या लिंगायत घरांत मन्मथस्वामींच्या ‘परमरहस्या’चे पारायण होते. नांदेडच्या हुजूर साहिबमध्ये गुरु ग्रंथ साहिबाचा पाठ रोज चालतो, आणि त्या ग्रंथात हिंगोलीकडच्या नर्सीचे आपले नामदेव आहेत, ६१ पदांनी. इतके सगळे असताना बाहेरचे पुस्तक का?

शिक्षिका: तुम्ही आक्षेप घेताना माझेच काम सोपे केले, दादा. ग्रंथातला ठरलेला भाग रोज वाचणे, तो तोंडात घोळवणे आणि मग दिवसाला लागणे ही मराठवाड्याची स्वतःची रीत आहे. पैठणचे एकनाथ, जांबचे रामदास, नर्सीचे नामदेव या सगळ्यांनी ग्रंथाला घराघरात रोजचे स्थान दिले. मी वाचते तो ग्रंथ वेगळा, पण वाचण्याची रीत माझ्या आजूबाजूचीच. आणि हा ग्रंथ मराठीला परका म्हणावा, तर फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात राचोल इथे छापले गेले, सुमारे अकरा हजार ओव्यांचे. हरिपाठ म्हणणाऱ्याला विसावा मिळत नाही, असे मी कधीच म्हणणार नाही. मला माझ्या ग्रंथातून काय मिळते, तेवढेच सांगण्याचा मला अधिकार आहे.

श्वासाविषयी तुमचे बरोबर आहे. २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतल्या लुचानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास आला होता. २३ निरोगी माणसांना त्यांनी जपमाळेतली लॅटिन प्रार्थना आणि एक बौद्ध मंत्र म्हणायला लावला. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा अधिक चांगली चालली. म्हणजे शरीराला मिळणारी शांतता लयीतून येते, हे मला मान्य. पण माझा थकवा फक्त शरीराचा असता तर मी तिथेच थांबले असते. रात्री अकराला वसतिगृहात अंथरुणावर पडलेल्या लेकराला विचारा. त्याचा श्वास ठीक असतो. त्याच्या डोक्यात एकच आवाज फिरत असतो: मागच्या परीक्षेत किती, पुढच्या परीक्षेत किती, बापाने किती भरले. डोळे मिटून मन रिकामे करायला बसले तर बऱ्याचदा हाच आवाज अधिक मोठा होतो. शास्त्राचा उतारा समोर ठेवला की निदान काही मिनिटे माझ्याशी बोलणारे दुसरे कोणीतरी असते. ते माझ्या हिशेबातले बोलत नाही. मी निवडलेला विषयही तिथे नसतो, कारण आजचा उतारा कालच्याच्या पुढचा असतो, मला आवडो की न आवडो.

या उत्तराचा मुख्य भाग शेवटच्या दोन वाक्यांत आहे, आणि त्यावर थोडे थांबायला हवे. गोड वचने वेगळी छापून रोज एक उचलायची अशी सोय अनेक ख्रिस्ती घरांत असते. ती प्रेमाने केलेली आहे, पण तिच्यात धोका आहे. धीर देणारे तेवढेच वाचले की शास्त्र माझ्या मनाचा आरसा होऊन बसते. क्रमाने वाचणाऱ्याला यहोशवाच्या लढाया लागतात, १३७ व्या स्तोत्राचा भयंकर शेवट लागतो, पौलाचे अवघड युक्तिवाद लागतात. अशा भागांवर एकट्याने निष्कर्ष काढू नये. मंडळीबरोबर आणि येशूच्या शिकवणीच्या उजेडात ते वाचावेत. पण ते टाळूही नयेत. स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांपैकी तिसरा हिस्सा तरी विलापाचा आहे. ज्याला रोज आनंदी दिसण्याची सक्ती आहे, त्याला देवासमोर रडण्याची, भांडण्याची मुभा मिळणे हासुद्धा विसावाच आहे, आणि कदाचित सर्वांत दुर्मीळ विसावा आहे.

कार्यकर्ता: विलापाचे बोललात म्हणून विचारतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटे. गणपती विसर्जन करून झोपलेली गावे. किल्लारी, सास्तूर आणि आसपास भूकंपात सुमारे दहा हजार माणसे गेली. त्या सकाळी तुमचा कोणता उतारा उपयोगी होता?

शिक्षिका: कोणताही नाही. त्या सकाळी दगडमाती उपसणारे हात हवे होते. शास्त्रही याहून वेगळे सांगत नाही. ईयोबाची दहा लेकरे घर कोसळून गेली, तेव्हा त्याचे मित्र आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्द न बोलता. तिथपर्यंत त्यांचे बरोबर होते. ते तोंड उघडून कारणे सांगू लागले आणि चुकले. पुस्तकाच्या शेवटी देव त्यांच्यावरच रागावतो. म्हणून शोकात असलेल्या माणसाला वचन ऐकवायला धावू नये, हे मी याच पुस्तकातून शिकले. पण भूकंपाच्या सकाळनंतर महिने येतात, पत्र्याच्या शेडमधली वर्षे येतात. तेव्हा माणसाला बोलायचे असते आणि शब्द नसतात. स्तोत्र ८८ सुरुवातीपासून शेवटपर्यंत अंधाराचे आहे. त्यात आशेचे वळणही येत नाही, आणि तरी ते देवाला उद्देशून आहे. असे स्तोत्र साध्या दिवसांत वाचून झालेले असेल, तर वाईट दिवशी ते तोंडात असते. रोज का वाचायचे, याचे माझे एक उत्तर हे आहे. वाईट दिवशी नव्याने पाठांतर होत नाही.

कार्यकर्ता: हे पटण्यासारखे आहे. पण ‘रोज’ या शब्दाचीच मला अडचण वाटते. ज्या लेकरांच्या भिंतीवर आधीच पहाटे पाचपासूनचे वेळापत्रक लावलेले आहे, त्यांना तुम्ही अजून एक रकाना देणार. वाचले तर खूण, चुकले तर अपराधी वाटणे. धर्माने माणसाला विसाव्यापेक्षा अपराधी भावनाच जास्त दिली आहे. आणि ऊसतोडीला गेलेल्या बाईला तुमचा शांत अर्धा तास कुठून मिळणार? मनन ही भरल्या पोटाची चैन नाही का?

शिक्षिका: हा आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण मंडळीतही ही चूक होते. उतारा हा गृहपाठ झाला की विसावा संपला. पण शास्त्रातला क्रम बघा. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात माणूस सहाव्या दिवशी निर्माण होतो आणि देव सातव्या दिवशी विसावा घेतो. म्हणजे माणसाचा पहिला पूर्ण दिवस विसाव्याचा आहे. त्याने अजून एक रोपही लावलेले नाही. निर्गमात रानातल्या लोकांना मान्ना नावाचा आहार मिळतो तो रोजच्या रोज, त्या दिवसापुरता. उद्यासाठी साठवला तर त्यात किडे पडतात, फक्त शब्बाथासाठी आदल्या दिवशी गोळा केलेला तेवढा टिकतो. मी ‘रोज’ म्हणते ते या अर्थाने. काल वाचले नाही म्हणून आज दुप्पट वाचायचे नसते. आज उठून आजचे घ्यायचे. ज्या दिवशी झाले नाही, त्या दिवशी देवाने काही मोजून ठेवलेले नसते. लातुरातल्या लेकराला नेमकी हीच गोष्ट कोणी सांगत नाही, की निकालाआधीच त्याचे काहीतरी ठरलेले आहे, आणि ते गुणानुक्रमावर ठरलेले नाही.

वेळेचे म्हणाल तर अर्धा तास हा नियम नाही. फिंकेनवाल्डला शिकणाऱ्यांना तेवढा वेळ होता. ख्रिस्ती परंपरेत निदान पहिली कित्येक शतके बहुतेक माणसांनी शास्त्र वाचले नाही, ऐकले. ‘क्रिस्तपुराण’ही देवळात रविवारी वाचून दाखवत. एक ओळ पाठ असेल तर ती पाचटात काम करतानाही मनात चालते, आणि मोबाइलवर अख्खे मराठी बायबल वाचलेले ऐकता येते. फडावरच्या बाईला मुळात झोप हवी, दवाखाना हवा, नीट मजुरी हवी, हे मी आधी म्हणेन. एलीयाची गोष्ट तीच आहे. राणी ईजबेलच्या धमकीने तो रानात पळाला, रतामाच्या झुडपाखाली बसला आणि मरण मागू लागला. देवाने त्याला उपदेश केला नाही. त्याला झोप येऊ दिली, दूताकरवी भाकर आणि पाण्याची सुरई पाठवली, परत झोपू दिले, परत खाऊ घातले. होरेब डोंगरावरचा हळू आवाज त्यानंतर चाळीस दिवसांनी आहे. आणि त्या आवाजाने काय सांगितले? आलास त्या वाटेने परत जा, तीन कामे बाकी आहेत. त्याच भेटीत हेही सांगितले, की तू एकटा उरलेला नाहीस, सात हजार आहेत.

कार्यकर्ता: हे सात हजारांचे मला आवडले. चळवळीतही माणूस थकतो तो एकटे पडल्याच्या भावनेने. पण ताई, एक सांगा. मन खरेच आजारी असेल तर?

शिक्षिका: तर मानसोपचारतज्ज्ञ. त्यात चर्चा नको. शास्त्र वाचतोस तरी तुला उदास कसे वाटते, असे ज्या पाळकाने विचारले, त्याने एलीया वाचलेला नाही.

कार्यकर्ता: मग वसतिगृहातली सतरा वर्षांची एखादी मुलगी आली आणि म्हणाली, मला विसावा हवा आहे, कुठून सुरू करू, तर काय सांगाल? मोठे तत्त्वज्ञान नको. उद्या सकाळपुरते सांगा.

शिक्षिका: पहिल्या आठवड्यात एकच उतारा घे म्हणेन, राजांच्या पहिल्या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय, सुरुवातीची आठ वचने. सातही दिवस तोच. झोप कमी करून वाचायचे नाही. पहिल्यांदा मोठ्याने, मग हळू, आणि ज्या शब्दापाशी मन अडेल तिथे थांबायचे, पुढे जाण्याची घाई नाही. मग दोन वाक्ये देवाशी बोलायची, खरी असतील ती. तक्रार असेल तर तक्रार. दुसऱ्या आठवड्यात मार्काच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातला तो भाग, जिथे शिष्यांना जेवायलाही सवड नाही आणि येशू त्यांना एकांतात येऊन थोडा विसावा घ्यायला सांगतो. तिथेही गर्दी मागोमाग येते, हे तिला वाचू दे. सराव परीक्षेची यादी लागली असेल, तर ती उघडण्याआधी वाच म्हणेन, नंतर नको.

कार्यकर्ता: आणि यादी वाईट निघाली तर?

शिक्षिका: तर आधी घरी फोन. स्तोत्र ८८ संध्याकाळी, आणि शक्यतो मैत्रिणीला शेजारी बसवून.